जुन्या कॅसिनो हॉटेलातला मुक्काम: वाचकांचे प्रश्न

लास वेगासच्या जुन्या कॅसिनो हॉटेलांत राहून आलेल्या आणि तिथं जाण्याची तयारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अडचणी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, म्हणून तक्रार असलेल्या हॉटेलांची नावं गाळली आहेत.

प्रश्न: लॉबी पाहून डोळे दिपले. खोलीत गेलो तर दाराची चौकट खरवडलेली, टबच्या कडेची पांढरी पट्टी काळी पडलेली, पडदा अर्ध्यावर अडकलेला. त्याच दिवशी त्याच हॉटेलात उतरलेल्या आमच्या नातेवाइकांची खोली मात्र उत्तम होती. एका हॉटेलात एवढा फरक कसा?

उत्तर: ते नावापुरतं एक हॉटेल असतं. प्रत्यक्षात वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार इमारती एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तुमची खोली त्यांतल्या कुठल्या इमारतीत पडते, यावर सगळं ठरतं. फ्लेमिंगो १९४६ मध्ये सुरू झालं, पण त्या काळचं उरलंसुरलं बांधकामही १९९३ मध्ये पाडलं गेलं. आज दिसतात ते नंतर टप्प्याटप्प्यानं उभे राहिलेले टॉवर. डाउनटाउनमधलं, म्हणजे शहराच्या जुन्या भागातलं, एल कॉर्टेझ १९४१ चं. तिथं मूळ इमारतीतल्या जुन्या खोल्याही आहेत आणि नंतरच्या टॉवरमधल्याही. नूतनीकरणसुद्धा एका टॉवरचं आज, दुसऱ्याचं चार वर्षांनी, असं होतं. तोवर दोन्हीकडच्या खोल्या एकाच नावानं विकल्या जातात.

यामागे पैशाचं जुनं गणितही आहे. नेवाडात १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाला आणि त्यानंतर कित्येक दशकं खोली म्हणजे गिऱ्हाइकाला खेळापाशी थांबवून ठेवण्याचं साधन होतं. स्वस्त द्या, फुकट द्या, पण माणूस खाली टेबलापाशी बसला पाहिजे. त्यामुळे खर्च आधी जुगाराच्या मजल्यावर व्हायचा. आता स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, हॉटेलांना खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून मिळणारं उत्पन्न जुगारापेक्षा जास्त आहे आणि खोल्यांकडे लक्ष जाऊ लागलं आहे. तरी भिंतींच्या आतली जुनी कामं तशीच राहिलेली असतात.

ही भिंतीच्या आतली बाजू समजून घेणं सगळ्यांत महत्त्वाचं. ‘रिनोव्हेटेड’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं येतात. पहिल्या प्रकारात गाद्या, पडदे, कार्पेट, दिवे, रंग बदलतात. छायाचित्रात खोली कोरी दिसते, पण पाइप, एसीची कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी), खिडक्यांच्या चौकटी आणि वायरिंग जुनंच असतं. दुसऱ्या प्रकारात बाथरूम फोडून नवं केलेलं असतं. छायाचित्र पाहताना पलंगावर वेळ घालवू नका, बाथरूम बघा. टब काढून तिथं काचेचा शॉवर आला असेल, तर निदान नळकाम उघडलं गेलं आहे असं मानायला जागा आहे. जुना टब, जुन्या टाइल्स आणि नवी उशी असेल, तर काम वरवरचं.

बुकिंग करताना खोलीच्या नावात टॉवरचं नाव आहे का पाहा. नसेल तर फोन करून विचारा: “हा दर कुठल्या टॉवरसाठी आहे आणि तिथलं बाथरूम शेवटचं कधी बदललं?” सगळ्यांत स्वस्त दरात बहुधा ‘जी रिकामी असेल ती खोली’ मिळते आणि ती सहसा जुन्या भागातली असते. टॉवर निवडायला रात्रीमागे दहा-पंधरा डॉलर जास्त लागत असतील, तर ते जरूर द्यावेत. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथंच आहे.

आणखी एक पाहा: हॉटेल विकलं जाणार किंवा बंद होणार अशी बातमी आहे का? १९५७ चं ट्रॉपिकाना २ एप्रिल २०२४ रोजी बंद झालं आणि ९ ऑक्टोबरला त्याचे टॉवर स्फोटकांनी पाडले. तिथं बेसबॉलचं स्टेडियम येत आहे. १९८९ चं मिराज १७ जुलै २०२४ रोजी बंद झालं. ज्या जागेवर दुसरंच काही उभं राहायचं आहे, तिथल्या खोलीवर मालक नव्यानं खर्च करेल अशी अपेक्षा धरू नये.

प्रश्न: खोलीचा दर ५९ डॉलर दाखवला होता, हातात बिल आलं त्याच्या दुप्पट. शिवाय कार्डावरचे आणखी पैसे अडकले. फसवणूक झाली का?

उत्तर: हिशेब मांडून पाहू. खोली ५९ डॉलर, रिसॉर्ट फी समजा ४५, मिळून १०४. या दोन्हींवर साधारण १३ टक्के खोलीकर लागतो, म्हणजे सुमारे १४. झाले ११८. रिसॉर्ट फी म्हणजे तलाव, इंटरनेट अशा सोयींसाठी खोलीच्या दरावर लावलेली वेगळी रक्कम, आणि ती सक्तीची असते. तुम्ही पोहण्याच्या तलावाकडे फिरकला नाहीत तरी द्यावी लागते. जुन्या, स्वस्त हॉटेलांत ती कधीकधी खोलीच्या दराहूनही जास्त असते.

१२ मे २०२५ पासून अमेरिकेत केंद्रीय नियम लागू आहे: सक्तीच्या फीसकट एकूण किंमत जाहिरातीतच ठळकपणे दाखवली पाहिजे. फी रद्द झालेली नाही, ती लपवता येत नाही इतकंच. सरकारी कर मात्र नंतर मिळवण्याची मुभा आहे, म्हणून दाखवलेल्या रकमेत १३-१४ टक्के मनातल्या मनात घालूनच तुलना करा. फीमध्ये मोडणारी एखादी सोय, म्हणजे तलाव किंवा इंटरनेट, बंद असेल तर रिसेप्शनवर शांतपणे सवलत मागा. ती मिळतेच असं नाही, पण मागणं रास्त आहे.

अडकलेले पैसे हा वेगळा भाग. खोलीतल्या खर्चापोटी हॉटेल कार्डावर काही रक्कम रोखून ठेवतं, बहुतेकदा दर रात्रीच्या हिशेबानं. क्रेडिट कार्डावर याचा त्रास नाही, फक्त तेवढी मर्यादा कमी होते. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचे स्वतःचे डॉलर अडकतात. हॉटेलनं सोडल्यावरही बँकेकडून मोकळे व्हायला बरेच दिवस लागतात आणि तोवर प्रवास संपलेला असतो. फॉरेक्स कार्ड हॉटेलच्या काउंटरवर देऊच नका, ते बाहेरच्या खर्चाला ठेवा.

प्रश्न: खोलीत गेल्यावर आधी काय तपासावं? ढेकणांची धास्ती वाटते.

उत्तर: सामान उघडण्याआधी तपासणी करा. कपडे कपाटात लावल्यावर खोली बदलणं तुम्हालाही नकोसं होतं आणि रिसेप्शनलाही. बॅगा गादीवर किंवा कार्पेटवर टेकवू नका, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर किंवा टबमध्ये ठेवा.

मोबाइलचा दिवा लावून पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांतली चादर सोडवा. गादीची शिवण, शिवणीखालची घडी, गादीखालच्या खोक्याचे कोपरे आणि डोक्यामागच्या फळीची भिंतीकडची फट, एवढ्या जागा पुरेशा आहेत. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी, चपटा असतो. पण तो दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात: शाई टिपकागदावर फुटावी तसे काळे ठिपके आणि फिकट पिवळसर कातीचे तुकडे. काही सापडलं तर फोटो काढा आणि दुसरी खोली मागा. शेजारची, समोरची, बरोबर वरची किंवा खालची नको. ढेकूण भिंतीतल्या वायरी-पाइपांच्या भोकांतून पसरतात.

शंका उरली असेल तर परतल्यावर कपडे धुण्याआधीच ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. नुसत्या थंड पाण्याच्या धुण्यानं ती खात्री नाही. बॅगेच्या शिवणी मात्र व्हॅक्यूमनं साफ कराव्या लागतात.

याच वेळी जोडखोलीचं मधलं दार, मुख्य दाराची आतली कडी आणि दाराच्या भोकातून बाहेरचं दिसतं का, हेही बघून घ्या.

प्रश्न: ‘नॉन-स्मोकिंग’ खोली घेतली तरी सिगारेटचा वास. शिवाय कधी कुबट, कधी गटारासारखा. रिसेप्शननं सुगंधी फवारा मारून दिला, तासाभरात पुन्हा तेच.

उत्तर: हे तीन वेगळे वास आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. फवारा तिघांवरही चालत नाही.

आधी वास कुठून येतो ते शोधा. एसीचा पंखा पूर्ण बंद करून दहा मिनिटं थांबा. पंखा बंद असताना वास जातो आणि लावला की येतो, तर उगम एसीच्या युनिटमध्ये आहे. पंखा बंद असतानाही पडद्याला नाक लावल्यावर वास येतो, तर तो कापडात मुरलेला जुना धूर. बाथरूमच्या जाळीपाशीच येतो, तर ड्रेनचा.

जुना धूर सगळ्यांत चिवट. नेवाडाच्या २००६ च्या कायद्यानं बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानावर बंदी आली, पण कॅसिनोच्या खेळाच्या मजल्याला त्यातून सूट आहे. तिथला धूर लिफ्टच्या विहिरीतून वर चढतो. बाहेर थंडी आणि आत ऊब असली की उंच इमारतीतली हवा वरवर ओढली जाते आणि लिफ्टजवळच्या खोल्यांना त्याचा पहिला वाटा मिळतो. दुसरं म्हणजे आजचा नॉन-स्मोकिंग मजला कधीकाळी स्मोकिंगचा असू शकतो. कार्पेट बदललं तरी निकोटिनचा थर छतावर, पडद्याच्या अस्तरात आणि एसीच्या कॉइलवर बसलेला राहतो. म्हणून खोली मागताना नेमकं मागा: लिफ्टपासून दूर, बोळाच्या टोकाची, पूर्वी कधीच स्मोकिंग नसलेल्या मजल्यावरची. खोलीत वास घालवणारं ओझोन यंत्र लावतो असं सांगितलं, तर ते रिकाम्या खोलीत काही तास चालवावं लागतं आणि नंतर हवा खेळवावी लागते. ओझोननं छाती आवळते, त्यामुळे ते लावल्यावर लगेच आत जाऊ नका. सरळ खोली बदलून घेणं सोपं.

कुबट वासाचं कारण बहुधा कॉइलखालची पन्हळ असते. कॉइलवर हवेतली ओल जमते, पन्हळीत ठिबकते आणि बारीक नळीनं बाहेर जाते. नळी तुंबली की पाणी साचतं, त्यात शेवाळ आणि बुरशी धरते. फोनवर “वास येतो” एवढंच सांगितलं तर फवारा घेऊन माणूस येतो. “एसीची ड्रेन पॅन तुंबल्यासारखी वाटते, इंजिनिअरिंगच्या माणसाला पाठवा” असं सांगा. दुरुस्ती विभागाला बहुतेक हॉटेलांत इंजिनिअरिंगच म्हणतात. नळी साफ करायला पाऊण तास पुरतो.

गटाराचा वास सर्वांत सोपा. प्रत्येक ड्रेनखाली वाकडी नळी असते आणि तिच्यात साचलेलं पाणी खालची हवा अडवतं. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की वेगासच्या कोरड्या हवेत ते पाणी वाळतं आणि वास वर येतो. बेसिन, टब आणि फरशीला जाळी असेल तर तिथंही लिटरभर पाणी ओता. अर्ध्या तासात वास गेला नाही, तर मात्र नळीत गळती किंवा तडा असू शकतो. तेव्हा तक्रार करा.

ज्यांना दमा आहे त्यांनी नशिबावर अवलंबून राहू नये. स्ट्रिपवरचं पार्क एमजीएम २०२० पासून खेळाच्या मजल्यासह पूर्ण धूम्रपानमुक्त आहे.

प्रश्न: संध्याकाळी एसी छान चालतो, पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते. थर्मोस्टॅटवर आकडा तोच असतो. असं का?

उत्तर: बहुधा थर्मोस्टॅटमध्ये किंवा भिंतीवर हालचाल टिपणारा सेन्सर आहे. खोलीत हालचाल नाही म्हणजे खोली रिकामी, असं धरून तो वीज वाचवतो आणि तापमान वर जाऊ देतो. नव्या यंत्रणांना दार आतून बंद झालं आणि पुन्हा उघडलं नाही, यावरून माणूस आत आहे हे कळतं. जुन्यांना ते कळत नाही किंवा सेन्सर कपाटाआड गेलेला असतो. सकाळी उठून बाथरूमला जाऊन आलात आणि एसी आपोआप सुरू झाला, तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे इंजिनिअरिंगला सांगून तुमच्या खोलीपुरती ही बचत बंद करून घेणं. माणूस दोन मिनिटांत ते करतो. बटणं विशिष्ट क्रमानं दाबून गुप्त सेटिंग उघडण्याच्या युक्त्या फिरत असतात, पण त्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या आणि अर्धवट जमल्या तर यंत्रणा अडकून बसते. तोवर पंखा ‘ऑटो’वरून काढून ‘हाय’वर ठेवा, म्हणजे निदान हवा फिरती राहील. आकडे फॅरनहाइटमध्ये असतात हे लक्षात असू द्या: ७२ म्हणजे साधारण २२ सेल्सिअस, ६८ म्हणजे २०. ६० वर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही. कॉइल तेवढीच काम करते, उलट दमट दिवशी तिच्यावर बर्फ धरू शकतो.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेला असाल, तर दुसरं कारण असू शकतं. कित्येक जुन्या इमारतींत खोलीपर्यंत पाइपांची एकच जोडी येते. त्यातून संपूर्ण इमारतीला एक तर थंड पाणी जातं, नाही तर गरम. मोसम बदलला की मुख्य यंत्रणा एकीकडून दुसरीकडे फिरवतात. त्या बदलाच्या दिवसांत बाहेर अचानक उकडलं तरी तुमच्या एकट्याच्या खोलीला थंडावा देता येत नाही. थर्मोस्टॅट कितीही दाबा, पाइपात गरम पाणीच आहे. अशा वेळी रिसेप्शनशी वाद घालू नका, टेबल-फॅन मागा आणि पश्चिमेच्या उन्हाची खोली असेल तर दुपारी जाड पडदे ओढून ठेवा. दोन्ही पाण्याच्या स्वतंत्र जोड्या असलेल्या टॉवरमध्ये हा त्रास नसतो. टॉवर विचारून घ्या म्हणतो ते यासाठीही.

प्रश्न: शॉवर घेताना पाणी एकदम चटका बसेल इतकं गरम होतं आणि क्षणात पुन्हा गार. सकाळी तर गरम पाणी यायलाच पाच मिनिटं.

उत्तर: चटका बसण्याचं कारण शेजाऱ्याचा फ्लश. एका उभ्या पाइपावर वरपासून खालपर्यंतची बाथरूम असतात. कुणी फ्लश केलं की थंड पाण्याचा दाब घसरतो, गरम तेवढंच राहतं आणि मिश्रण तापतं. नंतरच्या काळातल्या शॉवरमध्ये दाब आपोआप सांभाळणारा झडपेचा भाग असतो. दोन वेगळ्या चाव्यांच्या जुन्या नळांत तो नसतो. साठ अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि लहान मुलं व वृद्धांची त्वचा आणखी नाजूक. त्यामुळे अशा नळाखाली मुलांना एकटं सोडू नका. आधी थंड, मग गरम उघडा. बंद करताना आधी गरम बंद करा. सकाळी आठ ते दहा ही गर्दीची वेळ टाळली तर हेलकावे कमी होतात.

गरम पाणी उशिरा येणं म्हणजे पाइपातलं पाणी फिरतं ठेवणारा पंप नीट चालत नाही किंवा तुमची खोली ओळीच्या टोकाला आहे. पाणी येतं पण धार बारीक असते, तेव्हा दोष जाळीत. वेगासचं पाणी अतिशय जड आहे, लिटरमागे सुमारे २८० मिलिग्रॅम क्षार. ते शॉवरच्या भोकांत बसतात. जाळी बदलायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

खोली बरेच दिवस रिकामी असल्याची शंका आली, तर पहिल्यांदा शॉवर सोडून दोन-तीन मिनिटं बाथरूमबाहेर थांबा. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंशांत, लेजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसांत जातो. पिण्याच्या पाण्याशी याचा फारसा संबंध नाही. मुक्कामानंतर दोन ते चौदा दिवसांत ताप आणि खोकला आला, तर डॉक्टरांना हॉटेलातल्या मुक्कामाबद्दल आवर्जून सांगा. साध्या न्यूमोनियाच्या सगळ्याच औषधांना हा जिवाणू दाद देत नाही.

प्रश्न: आपली चहाची किटली चालेल का? पलंगाजवळ प्लगही नाही.

उत्तर: अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. फक्त २३० व्होल्टसाठी बनवलेली १५०० वॉटची किटली तिथं जेमतेम ४०० वॉट देते. साध्या अडॅप्टरनं प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. एरवी साडेतीन-चार मिनिटांत उकळणाऱ्या लिटरभर पाण्याला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतील. धोका नाही, वेळ जातो. वेगासच्या अनेक खोल्यांत किटली किंवा कॉफीमेकर नसतोच, म्हणून १००-२४० व्होल्टची लहान प्रवासी किटली घ्या, आणि तिच्यात दूध, नूडल्स शिजवू नका. शेगडी आणि पाण्यात बुडवायची कॉइल सगळीकडे निषिद्ध आहे.

जुन्या सॉकेटमधले पत्रे ढिले पडून प्लग गळून पडतो. लोंबत्या प्लगवर केस वाळवण्याचं यंत्र चालवू नका, ढिल्या जोडावर उष्णता साठते. इस्त्री आणि हे यंत्र एकदम लावलंत तर पंधरा अँपिअरचा ब्रेकर उडतो, कारण त्या लाइनची कमाल १८०० वॉट. बाथरूमचं सॉकेट मेलं असेल तर त्यावरचं ‘रीसेट’चं बटण दाबून पाहा. आणि टेबलाजवळचं एखादं सॉकेट भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर असतं. दिवा बंद करून झोपलात की मोबाइल चार्ज होत नाही. झोपण्याआधी हे तपासा.

प्रश्न: इन्सुलिन खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवावं का?

उत्तर: नको. तिथले बिनआवाजाचे मिनीबार २ ते ८ अंश राखतीलच अशी खात्री नसते. शिवाय पुष्कळ मिनीबारना सेन्सर असतो, त्यामुळे वस्तू उचलली की बिलात चढते. कित्येक जुन्या खोल्यांत फ्रिजच नसतो. आरक्षणाच्या वेळीच ‘मेडिकल फ्रिज’ मागून ठेवा. आला की त्यात छोटा थर्मामीटर रात्रभर ठेवून मगच न उघडलेला साठा आत ठेवा, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

प्रश्न: एकविसावा मजला, खिडकी उघडत नाही, इमारत जुनी. आग लागली तर? आईला या विचारानं झोप लागली नाही.

उत्तर: आईंची भीती अनाठायी नाही, पण आजच्या स्थितीपेक्षा ती १९८० च्या स्थितीला जास्त लागू आहे. २१ नोव्हेंबर १९८० रोजी तेव्हाच्या एमजीएम ग्रँडमध्ये तळमजल्यावरच्या रेस्तराँमधल्या विजेच्या बिघाडातून आग लागली आणि ८५ माणसं गेली. आग खालच्या भागातच राहिली. बहुतेक मृत्यू वरच्या मजल्यांवर धुरानं झाले, कारण धूर जिने, लिफ्टच्या विहिरी आणि इमारतीच्या सांध्यांतून वर चढला. कॅसिनोच्या भागात स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेनं आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत लास वेगास हिल्टनमध्ये लागलेल्या आगीत आणखी आठजण दगावले. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, नेवाडानं आधीच उभ्या असलेल्या उंच इमारतींनाही स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं केलं. एमजीएमच्या आगीची ती इमारत आजही हॉटेल म्हणून चालू आहे, तिचं सध्याचं नाव हॉर्सशू. आजचं एमजीएम ग्रँड ही १९९३ ची वेगळी इमारत.

तरी तयारी स्वतः करायची. खोलीतून निघून जवळच्या जिन्यापर्यंत चालत जा आणि वाटेतली दारं हातानं मोजा. धुरात दिसत नाही, मोजणी कामी येते. दुसऱ्या दिशेच्या जिन्यापर्यंतचीही मोजा. खोलीचं कार्ड उशाशी एकाच जागी ठेवा. गजर झाला की दाराला हाताच्या पाठीनं स्पर्श करा. गार असेल तर कार्ड घेऊन निघा, लिफ्ट नाही. जिन्यात शिरल्यावर मजल्यांची दारं आतून उघडतीलच असं नाही, म्हणून खालून धूर येत असेल तर दार सोडण्याआधी ठरवा. दार तापलेलं असेल किंवा बोळात धूर असेल तर आतच थांबा. दाराखालची फट आणि एसीची जाळी ओल्या टॉवेलांनी बंद करा, एसी बंद करा, ९११ ला फोन करून खोलीचा नंबर सांगा. काच फोडू नका. खालून चढणारा धूर आत येतो आणि मग ती खिडकी बंद करता येत नाही.

आईंना चालायला त्रास असेल तर चेक-इनच्या वेळीच खालच्या मजल्यावरची खोली मागा आणि मदत लागेल हे नोंदवून घ्या.

एक विनंती, हे फार वेळा घडतं म्हणून: भिंतीतून किंवा छतातून डोकावणाऱ्या स्प्रिंकलरला हँगर अडकवू नका. त्यातली लाल काचनळी ६८ अंशांना फुटण्यासाठी बनवलेली असते, पण ओल्या कपड्याच्या ओझ्यानंही तुटते. मग कित्येक वर्षं पाइपात साचलेलं काळं पाणी दाबानं बाहेर पडतं आणि खालच्या दोन-तीन मजल्यांच्या खोल्याही जातात.

प्रश्न: ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असताना सुरक्षारक्षक खोलीत येऊन बघून गेला. हे चालतं का?

उत्तर: चालतं. १ ऑक्टोबर २०१७ ला स्ट्रिपवरच्या एका हॉटेलच्या खोलीतून झालेल्या गोळीबारानंतर बऱ्याच हॉटेलांनी असा नियम केला की दारावर पाटी असली तरी ठरावीक तासांनी खोली पाहायची. दागिने आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवा. आलेल्या माणसाबद्दल शंका वाटली तर दार उघडण्याआधी खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनकडे खात्री करून घ्या.

प्रश्न: डाउनटाउनमध्ये रात्रभर संगीताचा धक्का जाणवतो. कानात बोळे घालूनही उपयोग झाला नाही.

उत्तर: फ्रीमाँट स्ट्रीटवर १९९५ पासून छताचा मोठा पडदा आहे आणि त्याखाली रस्त्यावरचे रंगमंच आहेत. कानातले फोमचे बोळे वरच्या पट्टीचा आवाज चांगला अडवतात. ढोल आणि बेस हाडांतून आणि गादीतून येतो, तिथं ते तोकडे. अशा हॉटेलांत जुनी एकेरी काच असेल तर दृश्याचा मोह सोडा आणि रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, जमेल तितकी वरची खोली मागा. जोडखोलीच्या दाराखालची फट गुंडाळलेल्या टॉवेलनं बंद केली तर शेजारचा टीव्ही निम्मा ऐकू येतो.

प्रश्न: सात वर्षांचा मुलगा बरोबर आहे. लिफ्टकडे जायची वाट कॅसिनोतूनच आहे.

उत्तर: नेवाडात एकवीस वर्षांखालील कुणालाही खेळता येत नाही किंवा खेळाच्या जागेत रेंगाळता येत नाही. चालत पार होता येतं. मुलाचा हात धरा, मशिनपाशी थांबू नका, बाबागाडी असेल तर रुंद मुख्य वाटेनंच न्या. ‘एकच डाव’ म्हणून मोठ्यांपैकी कुणी बसलं आणि मूल शेजारी उभं राहिलं, तर कर्मचारी लगेच हटकतात आणि ते बरोबरच करतात. मुलांसाठी जुन्यांपैकी सर्कस सर्कस सोयीचं, तिथं ॲडव्हेंचरडोम हे छताखालचं मनोरंजन उद्यान १९९३ पासून आहे. डाउनटाउनचं सर्का मात्र चुकूनही बुक करू नका, तिथं एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. आणि अकराच्या सुमारास चेक-आउट करायचं असेल तर पावणेदहालाच सामान खाली न्या. जुन्या टॉवरच्या लिफ्ट थोड्या आणि संथ असतात, त्या तासाभरात प्रत्येक मजल्यावर बॅगा घेऊन माणसं उभी असतात.